‘कॅन्सरवर मात’: माझ्या एका घाईच्या मथळ्याची आणि ऐंशी वर्षांच्या लढाईची गोष्ट

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. नगरपालिका, पाणीपुरवठा, खड्डे यातलं काही नाही. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यात एक चूक माझी आहे आणि ती तुमच्यासमोर मांडायची आहे.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या पेपरात एक बातमी दिली. शेजारच्या गावातला नऊ वर्षांचा मुलगा, ब्लड कॅन्सर झालेला, मुंबईत सात-आठ महिने उपचार घेऊन घरी आला होता. वडील टेम्पो चालवायचे. गावाने पोराला वेशीपासून वाजतगाजत घरी नेलं. डोक्यावर नुकते केस फुटत होते, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी फोटो काढला आणि मथळा दिला, ‘चिमुकल्याची कॅन्सरवर मात’. पान तीन, चार कॉलम. खूप फोन आले. कात्रण फ्रेम करून शाळेत लावलं गेलं.

दीड वर्षाच्या आत आजार परत आला.

भेटायला गेलो तेव्हा वडील म्हणाले, “साहेब, पेपरातसुद्धा आलं होतं ना, बरा झाला म्हणून.” त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. फाईल पाहिली. त्यात पुढच्या दोन वर्षांच्या गोळ्या लिहिल्या होत्या, सगळं इंग्रजीत. पहिले काही महिने दिल्या. मग पोरगं पळायला लागलं, शाळेत जायला लागलं. गोळी घेतली की मळमळायचं, तोंड यायचं. आजी म्हणाली, उष्णता पडतेय. शेजारी म्हणाले, बऱ्या पोराला कशाला एवढं औषध. रक्त तपासायला जायचं म्हणजे एक दिवसाचं भाडं बुडायचं. गोळ्या आधी दिवसाआड झाल्या, मग बंद. दुसऱ्यांदा उपचार झाले. पोरगं वाचलं नाही.

एक गोष्ट आताच सांगतो. गोळ्या बंद झाल्या म्हणूनच आजार परत आला, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकही गोळी न चुकवणाऱ्या मुलांनाही तो परत येतो. म्हणून आईबापांवर बोट ठेवायला मी ही पोस्ट लिहीत नाही. पण माझा मथळा चुकीचा होता, हे नक्की. मात झाली नव्हती. सामना निम्म्यावर आला होता आणि मी निकाल छापून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून या आजाराचा इतिहास मिळेल तिथून वाचत आलो. तो वाचल्यावर जे कळलं ते असं, की या सगळ्या इतिहासाचा गाभा एकच आहे. आजार दिसेनासा करणं डॉक्टरांना १९४८ सालीच जमलं होतं. तो परत येऊ न देणं जमायला पुढची वीस वर्षं लागली.

आणि या गोष्टीचा एक धागा आपल्या परळमधून जातो.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्त भयंकर कमी, आणि नेहमीच्या लोहाच्या औषधाने फरक नाही. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत यावर काम केलं. बायका काय खातात ते पाहिलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी स्वस्तातल्या यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो, हे १९३१ मध्ये मांडलं. अर्कात नेमकं काय होतं ते तेव्हा कळलं नव्हतं. पुढे त्याला नाव मिळालं, फॉलिक ॲसिड. आज आपल्या आशाताई गरोदर बायकांना ज्या गोळ्या देतात, त्यात तेच असतं.

फॉलिक ॲसिड म्हणजे नव्या पेशी तयार करायला लागणारा कच्चा माल. रक्ताच्या पेशी भराभर तयार होतात, म्हणून कमतरता आधी रक्तात दिसते.

दुसरा धागा आंध्रातल्या भीमावरमचा. यल्लाप्रगडा सुब्बाराव तिथले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले आणि पुढे लेडर्ली कंपनीत संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या पथकाने १९४०च्या दशकात फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. आणि त्याच्यासारखीच दिसणारी पण उलटं काम करणारी रसायनंही तयार केली. पेशीला वाटावं कच्चा माल आला, आणि तो घेतल्यावर तिचं यंत्रच अडकावं.

तिसरा माणूस बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातला. सिडनी फार्बर. खरं तर ते पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मेल्यानंतरही आजार शोधणारे. ल्युकेमिया झालेली मुलं त्यांच्या टेबलावर आठवड्या-महिन्यांत येत होती. हाडांच्या मगजात कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही, असा तो आजार. मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. १८४५ मध्ये त्याची वर्णनं पहिल्यांदा छापली गेली, आणि शंभर वर्षांनंतरही उपाय शून्य होता.

फार्बरनी काही मुलांना आधी फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं. आजार वाढला. मग त्यांनी उलटा विचार केला. कच्चा माल दिल्यावर आग भडकते, तर माल तोडला तर? सुब्बारावांच्या पथकाचं अमिनोप्टेरिन नावाचं रसायन त्यांनी मागवलं. १९४७ सालच्या डिसेंबरअखेर दोन वर्षांच्या एका मुलाला ते सुरू केलं. पांढऱ्या पेशी उतरल्या. मुलगा खायला लागला, चालायला लागला.

जून १९४८ मध्ये फार्बर यांचा लेख आला. सोळा मुलं, त्यातल्या दहांमध्ये सुधारणा. जगात त्याआधी कुणाला हे जमलं नव्हतं. पण लेखाच्या नावातच त्यांनी एक शब्द घातला होता, ‘तात्पुरती’. आजाराची तात्पुरती माघार. मी मथळ्यात ‘मात’ लिहिलं, फार्बरनी ‘तात्पुरती’ लिहिलं. इतका मोठा शोध हातात असताना माणूस मथळ्यात एवढा प्रामाणिक राहिला, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आणि खरंच ती तात्पुरती ठरली. काही महिन्यांत आजार परतला, आणि परतलेल्या आजाराला तेच औषध लागू पडेना. डिसेंबरातला तो मुलगाही १९४८ मध्ये गेला. सुब्बाराव तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

पुढची दहा-बारा वर्षं अशीच गेली. औषधं वाढली. अमिनोप्टेरिनचा भाऊ मेथोट्रेक्सेट आला. १९५३ मध्ये ६-मर्कॅप्टोप्युरिन बाजारात आलं. ते बनवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना पुढे १९८८ चं नोबेल मिळालं. स्टेरॉइड आलं. सदाफुलीतून विन्क्रिस्टिन निघालं. हो, आपल्या अंगणातली, कुंपणाकडेची सदाफुलीच. पण एक औषध द्यायचं, मूल बरं दिसायचं, आजार परतायचा, मग दुसरं औषध. हे चक्र काही तुटेना. मुलांना उगाच कशाला छळता, असं म्हणणारे डॉक्टरही पुष्कळ होते.

चक्र तोडायची कल्पना टीबीवरून आली. टीबीला एकच औषध दिलं की जंतू त्याला सरावतात. दोन-तीन औषधं एकत्र, आणि तीही बरं वाटल्यावर पुढे कित्येक महिने दिली, तर जंतू संपतात. आपल्या सरकारी दवाखान्यात टीबीचा कोर्स पूर्ण करा म्हणून जो आग्रह असतो, तो यासाठीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायरीच यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच ल्युकेमियात केलं. चार औषधं एकदम. सहकाऱ्यांना हे भयानक वाटलं. मुलं औषधांनीच मरतील अशी धास्ती होती.

त्याच काळात हॉवर्ड स्किपर नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवरच्या प्रयोगांतून एक हिशोब मांडला. तो मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा वाटतो. औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारतो. समजा शंभरातल्या नव्व्याण्णव मारल्या, तर पुढच्या वेळी उरलेल्यातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव. उंदराच्या अंगात ल्युकेमियाची एक जरी पेशी जिवंत राहिली, तरी ती वाढून उंदराला मारायला पुरते.

आता हे माणसाला लावून पाहा. आजार सापडतो तेव्हा मुलाच्या अंगात या पेशी साधारण एक लाख कोटी असतात. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर मूल खेळायला लागतं, रिपोर्ट चांगला येतो, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. याला डॉक्टर ‘रेमिशन’ म्हणतात. आपण त्याचं भाषांतर ‘बरा झाला’ असं करतो. पण त्या वेळीही अंगात शेकडो कोटी पेशी शिल्लक असू शकतात. शेतात तण उपटलं, रान स्वच्छ दिसलं, म्हणून लव्हाळा गेला असं कुठला शेतकरी म्हणेल? खालचा गाठा जमिनीत असतोच.

फ्राय-फ्रायरीच यांच्या काही मुलांमध्ये आजार खरोखर मागे हटला. मग पुन्हा घात झाला. रक्त स्वच्छ, मगज स्वच्छ, आणि पोरगं डोकेदुखी, उलट्या, झटके घेऊन परत यायचं. आजार मेंदूभोवतीच्या आवरणात लपला होता. तिथे रक्तातली औषधं नीट पोचत नाहीत.

या लपणीवर नेमका घाव घातला तो डोनाल्ड पिंकेल यांनी. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात सेंट ज्यूड नावाचं मुलांचं रुग्णालय उघडलं, त्याचे ते पहिले प्रमुख. तेव्हा या आजारात शंभरातली जेमतेम चार मुलं जगायची. पिंकेल यांनी ठरवलं की आयुष्य चार महिने वाढवायचं नाही, आजार संपवायचाच. त्यांनी उपचाराचे टप्पे पाडले. आधी आजार दाबायचा. मग आणखी जोरात मारा. मग मेंदूभोवतीची लपण साफ करायची, आजार तिथे दिसायच्या आधीच. आणि शेवटी दोन-तीन वर्षं रोजच्या गोळ्या. त्याला ‘मेंटेनन्स’ म्हणतात. १९६७-६८ च्या त्यांच्या पाचव्या अभ्यासात ३५ मुलं होती. त्यातली जवळपास निम्मी कायमची वाचली. चाराचे पन्नास झाले.

पण मला थांबवलं ते त्याच्या आधीच्या, चौथ्या अभ्यासाने. त्यात काही मुलांना गोळ्यांचा पूर्ण डोस दिला, काहींना निम्मा. निम्मा डोस घेणाऱ्यांमध्ये आजार लवकर परतला. म्हणजे आमच्या गावात ‘दिवसाआड देऊ’ म्हणून जे केलं गेलं, त्याचं उत्तर मेम्फिसमध्ये पन्नास वर्षांपूर्वी मिळालं होतं. ते टेम्पोवाल्या बापापर्यंत पोचवायचं काम कुणाचं होतं? डॉक्टरांचं होतं, तसंच माझंही होतं.

पिंकेल यांच्या यशाची किंमतही मुलांनी मोजली, हेही सांगायला हवं. मेंदूला दिलेल्या रेडिएशनने काहींची वाढ खुंटली, अभ्यासात मागे पडली, काहींना पुढे दुसऱ्या गाठी झाल्या. म्हणून पाठीच्या मणक्यातून औषध देण्यावर भर वाढला. २००९ मध्ये त्याच सेंट ज्यूडने दाखवून दिलं की औषधं नीट आखली तर मेंदूला रेडिएशन न देताही चालतं.

आपल्याकडे काय चाललं होतं? परळमध्येच, हाफकिनच्या शेजारी, १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं होतं. पण १९७०च्या दशकापर्यंत भारतातल्या मोठ्या केंद्रांतसुद्धा ल्युकेमिया झालेल्या शंभर मुला-तरुणांपैकी वीसही नीट टिकत नव्हते. १९८०च्या दशकात टाटाचे डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेचे इयन मॅग्राथ यांच्या सहकार्यातून एक ठरलेली उपचारपद्धत आली. आपल्या परिस्थितीला झेपेल अशी. मुंबई, चेन्नई आणि दिल्ली या तीन केंद्रांत ती २५ वर्षांखालच्या रुग्णांवर वापरली. चार वर्षांनंतर आजार न परतलेल्यांचं प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. श्रीमंत देशांत आज ते नव्वदीच्या घरात आहे.

शिल्लक पेशी मोजायची चाचणीही आता आहे. दहा हजार पेशींत एक कॅन्सरची असली तरी सापडते. कुणाला आजार परतण्याचा धोका जास्त, हे त्यावरून पहिल्या महिन्यातच बरंचसं कळतं आणि त्याचा उपचार तीव्र करता येतो. ब्लिनाटुमोमॅबसारखी नवी औषधं आली आहेत, त्यांनी आजार परतण्याचं प्रमाण आणखी घटतंय. पण महाग आहेत.

मग उरलेला प्रश्न कुठला? तो घरातला आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या गोळीच्या डबीतला.

डॉ. स्मिता भाटिया या दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टर अमेरिकेत काम करतात. त्यांनी मुलांच्या ६-मर्कॅप्टोप्युरिनच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवली. झाकण उघडलं की नोंद. निष्कर्ष असा, की ज्या मुलांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार परतण्याचा धोका अडीच पटींहून जास्त. ९५ टक्के म्हणजे काय? महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की आपण खाली आलो. आणि हे अमेरिकेत. म्हणजे आपलीच माणसं अडाणी म्हणून चुकतात, असं समजायचं कारण नाही. बरं दिसणाऱ्या पोराला रोज औषध देणं जगात सगळीकडे अवघड आहे.

त्यात बारा वर्षांपुढची मुलं जास्त चुकतात, असंही दिसलं. स्वाभाविक आहे. त्या वयात घरच्यांनी सांगितलेलं ऐकायचं नसतं, मित्रांसमोर आजारी दिसायचं नसतं. तरुणांचा आणखी एक घोळ होता. सोळा ते वीस वयाचे रुग्ण अमेरिकेत कुणी मुलांच्या डॉक्टरकडे जायचे, कुणी मोठ्यांच्या. २००८ मध्ये तुलना छापून आली. मुलांच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ६३ टक्के सात वर्षांनंतर आजारमुक्त होते, मोठ्यांच्या पद्धतीने झालेले फक्त ३४ टक्के. आजार तोच, वय तेच, फक्त दार वेगळं. तुमच्या ओळखीत कॉलेजवयीन रुग्ण असेल तर डॉक्टरांना एवढं विचाराच, “याला मुलांच्या पद्धतीचे उपचार देता येतील का?”

आता आपल्या तालुक्याकडे येतो.

सध्या आपल्याच तालुक्यात एक सातवीतली मुलगी मेंटेनन्सवर आहे. गाव सांगत नाही. तिच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत फुली मारून ठेवली आहे. गोळी पोटात गेली की फुली, आधी नाही. मला म्हणाली, “दादा, मागच्या महिन्यात एक चौकट मोकळी राहिली, तर मला रात्रभर झोप नाही.” मी म्हटलं, “ताई, चुकलं तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, एवढंच.” घाबरून डबल गोळी देणंही चुकीचं आहे. डोस रक्ताच्या रिपोर्टवर ठरतो. काही मुलांना जन्मजात जनुकांमुळे हीच गोळी फार जोरात लागते, त्यांचा डोस डॉक्टर मुद्दाम कमी ठेवतात. शेजारच्या पोराचा डोस आपल्या पोराला लावायचा नाही.

तिच्या घरी गेलो तेव्हा जे दिसलं, ते सगळं आपल्या हातातलं आहे. वडिलांची तपासणीच्या दिवशीची मजुरी बुडते. एसटीत कॅन्सर रुग्णाला सवलत आहे हे त्यांना वर्षभर कुणी सांगितलंच नव्हतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कागद कुठे द्यायचा, हे तिसऱ्या खेपेला कळलं. शाळेत एका बाईंनी विचारलं, “बरी झालीस ना, मग एवढ्या सुट्ट्या कशाला?” आणि नातेवाईक अजून काढे सुचवतात. काढा, पथ्य, अंगारा, यातलं काहीही या गोळीची जागा घेत नाही. ऐंशी वर्षांत सिद्ध झालेली वाट एकच आहे, पूर्ण कोर्स.

म्हणून विनंती. तुमच्या वाडीत, आळीत असं मूल असेल तर “आता ठणठणीत दिसतंय, बंद करा ते विष” असं चुकूनही बोलू नका. तुमचं एक वाक्य त्या आईच्या वर्षभराच्या फुल्या पुसू शकतं. तपासणीच्या दिवशी गाडी जात असेल तर बसवून न्या. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री दवाखान्यात पोचवा, उपचार चालू असलेल्या मुलांचा ताप साधा नसतो. शिक्षकांनी हजेरीचा विचार मोठ्या मनाने करावा. आशाताईंच्या यादीत टीबीच्या पेशंटसारखं हे मूलही असावं, यासाठी मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज दिला आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना. ‘मात’, ‘झुंज यशस्वी’, ‘मृत्यूला हरवलं’ हे मथळे शेवटची गोळी संपेपर्यंत थोडे थांबवा. तोवर ‘उपचाराचा पहिला टप्पा पार’ असं लिहिलं तर बातमी छोटी होते, पण खरी होते.

त्या मुलीच्या वडिलांनी परवा विचारलं, “साहेब, फोटो घ्याल का पोरीचा? आता केस आलेत छान.” मी नाही म्हणालो. त्यांना जरा वाईट वाटलं. मग त्यांना त्या मुलाची गोष्ट सांगितली, आज तुम्हाला सांगितली तशीच. ऐकून ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि कॅलेंडर उतरवून आणून माझ्यासमोर धरलं. अजून चौदा महिने आहेत.

शाळेतली ती फ्रेम अजून आहे. कालच मुख्याध्यापकांना फोन केला, म्हटलं, सर, ते कात्रण काढा. ते म्हणाले, त्याच्या आईने राहू द्या म्हणून सांगितलंय, त्यात त्याचा हसरा फोटो आहे. मग मी गप्प बसलो. फोटो राहू दे. मथळा तेवढा माझा होता, तो मी इथे मागे घेतो.